व्हीपी परत आली

२०१८ चा जुलै, तरणा पाऊस लागलेला. दुपारी दोनच्या सुमारास पोस्टमनभाऊ पडवीत आले, रेनकोट खांबाला अडकवला आणि पिशवीतून एक पार्सल काढून बाकड्यावर ठेवलं. "वयनीनु, परत इला हां. सही करा."

पार्सल माझ्याच हातचं शिवलेलं होतं. मांजरपाटाचं कापड, दुहेरी दोऱ्याची घट्ट टीप, शिवणीवर लाखेचे ठिपके. पाठवलं तेव्हा पांढरंशुभ्र होतं. आता कापडावर पिवळे डाग पडले होते, एका बाजूची शिवण ओलीने सैल झाली होती आणि पत्त्यातला फ्लॅटचा नंबर शाई पसरून गेला होता. वर निळ्या पेनाने शेरा होता, घेण्यास नकार, परत.

सही केली आणि तिथेच ब्लेडने शिवण उसवली. आमसुलं ठीक होती. कुळथाच्या पिठाची पिशवी बांधलेली होती, तरी एका कोपऱ्यात पिठाचा गोळा झाला होता. आंबापोळीचा आंबूस वास कापड फाडायच्या आधीच आला होता. घडी उलगडली तर थरांच्या मध्ये पांढरी बुरशी. मे महिन्यात माझ्या सासूबाईंनी आणि मी ताटांना तूप लावून हापूसचा रस ओतला, वाळला की वर दुसरा थर, मग तिसरा, रोज ताटं उन्हात नेऊन ठेवायची, कावळ्यांवर नजर ठेवायची, संध्याकाळी आत आणायची. ती एक किलो पोळी मी माडाच्या आळ्यात टाकली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आत निघून गेल्या. त्या हंगामातलं हे परत आलेलं सातवं पार्सल होतं. जुलै संपेपर्यंत नऊ झाली.

आमचं गाव सिंधुदुर्गात, खाडीच्या काठी. आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला असा माल आम्ही घरी करतो. गिऱ्हाईक म्हणजे मे महिन्यात किंवा गणपतीला येणारे चाकरमानी आणि त्यांनी सांगितलेली त्यांच्या शेजारपाजारची माणसं. ती मुंबईला, पुण्याला गेली की फोन करतात, "काकी, दोन किलो पोळी पाठवा." आधी पैसे पाठवा असं म्हणायची सोय नव्हती. ज्याने आपला माल पाहिलेला नाही त्याने पैसे आधी का द्यावेत? म्हणून व्हीपी, म्हणजे व्हॅल्यू पेएबल पार्सल, पैसे मोजल्यावरच पोस्टमन ते हातात देतो. टपाल खात्याची ही सोय आपल्याकडे १८७७ पासूनची, मनीऑर्डरच्याही तीन वर्षं आधीची. माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी घरात पंचांग, औषधं, पुस्तकं व्हीपीनेच यायची आणि "व्हीपी सोडवायला पैसे ठेवलेत ना?" हा प्रश्न घरोघरी असायचा. आम्ही मात्र सोडवणारे नव्हतो, पाठवणारे होतो. पाठवणाऱ्याची बाजू फार कमी लोकांना ठाऊक असते.

माल तोलायचा, शिवायचा, पोस्टात न्यायचा. तिथे पोस्टमास्तर वजन करायचे, रजिस्टर पार्सलचं टपाल लावायचे, व्हीपीची फी वेगळी घ्यायचे. एक फॉर्म भरायचा. किती रक्कम वसूल करायची ते अंकात आणि अक्षरात लिहायचं, खाली सही करायची. मग पार्सल जायचं. तिकडचा पोस्टमन पैसे घेऊन पार्सल द्यायचा आणि ते पैसे मनीऑर्डरने आपल्याकडे यायचे. पोस्टमन घरी गेला आणि कुणी नसलं तर चिठ्ठी ठेवायचा, पार्सल तिकडच्या पोस्टात सात दिवस थांबायचं आणि मग परत फिरायचं.

आता हिशोब. माझं नेहमीचं पार्सल म्हणजे एक किलो आंबापोळी, अर्धा किलो आमसुलं, एक किलो कुळथाचं पीठ. २०१८ च्या भावाने मालाचे ६४० रुपये. तीन किलोच्या आतलं ते पार्सल पाठवायला मला साधारण १२० रुपये लागत. म्हणून मी फोनवर सांगायची ७६०. पण पैसे मनीऑर्डरने परत यायचे, आणि मनीऑर्डरचं कमिशन दर २० रुपयांना १ रुपया. ७६० वर ३८. हे ३८ रुपये पार्सल घेणाऱ्याकडून वसूल व्हायचे. म्हणजे दारात पोस्टमन ७९८ मागायचा, आणि मी तर ७६० सांगितलेले. ही गोष्ट मी पाच वर्षं व्हीपी करूनही कुठल्याच गिऱ्हाइकाला आधी सांगितली नव्हती. ती किती महागात पडत होती ते मला त्या पावसाळ्यात कळलं.

हंगामात मी ४६ पार्सलं पाठवली होती. नऊ परत आली. आणि तीन अशी होती की ना पार्सल परत, ना पैसे. मुंबईकडची दोन, घाटावरचं एक. मास्तरांना विचारलं की ते कॉम्प्युटरवर तेरा अक्षरांचा नंबर टाकून बघायचे आणि म्हणायचे, "येतील, वहिनी. पावसाचे दिवस आहेत." पाऊस खरंच होता. करूळ घाटात दरड आली की टपाल अडकतंच. पण जूनमध्ये पोचलेल्या पार्सलचे पैसे जुलैअखेरही दरडीत अडकलेले असतील हे मला पटेना.

टपाल खात्याला मिळून एक अर्ज करायचा म्हणून ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आम्ही बाजारपेठेतल्या एका गोदामात जमलो. व्हीपी करणारे आम्ही अकरा जण होतो. त्यात काजूचा छोटा कारखाना चालवणारे काका, मसाले करणाऱ्या दोन बायका, लाकडी खेळणी विकणारा एक तरुण मुलगा, खाजं आणि लाडू पाठवणारे एक दुकानदार. शिवाय व्हीपी न करणारे पण या विषयावर बोलायचंच असलेले तीन-चार व्यापारी.

पहिला तासभर नुसता राग. काजूवाले काका म्हणाले, "गिऱ्हाइकाने ऑर्डर दिली आणि दारात नाही म्हटलं तर त्याला दंड का नाही? माझा पाच किलो काजू फिरून आला, माझं टपाल गेलं, त्याचं काय गेलं?" खेळणीवाला मुलगा म्हणाला की माझं खेळणं मोडून परत येतं आणि मोडकं कुठे झालं ते कुणीच सांगत नाही. लाडूवाल्यांचं म्हणणं, घेणाऱ्याला पार्सल उघडून बघू द्यावं, म्हणजे शंका राहणार नाही. त्यावर काका उसळले, "उघडून बघितलं आणि नको म्हणाला, तर परत शिवून कोण देणार? पोस्टमन दाभण घेऊन फिरतो काय?" पैसे आधी, पार्सल नंतर, हाच नियम आमच्यासाठी बरा, असं शेवटी बहुतेकांचं मत पडलं. लाडूवाल्यांचं पडलं नाही आणि मला त्यांची बाजू आजही समजते. घरी केलेला लाडू डोळ्यांनी बघितल्याशिवाय परक्या माणसाने सातशे रुपये का काढावेत?

मसालेवाल्या दोघींपैकी एक बाई सगळ्यात कमी बोलली. मार्च-एप्रिलमध्ये ती ब्याडगी मिरची आणि धणे रोखीने घेते. तिचं भांडवल पाच-सहा हजारांचं. मसाला विकून त्या पैशातून पुढची मिरची. व्हीपीचे पैसे यायला पंधरा-वीस दिवस लागले की तिचा खलबत्ता थांबतो. "परत आला तर नुकसान सोसतंय मी," ती म्हणाली, "पण पैशे खय आसत ताच कळना नाय, त्याचा काय?" मला वाटतं त्या दिवशीची सगळ्यात खरी हरकत तिने सांगितली. नुकसान किती आणि कधी, हे कळलं तर माणूस त्याची तजवीज करतो. तिला तेच कळत नव्हतं.

कापड दुकानदारांची हरकत आमच्या उलट होती. ते म्हणाले की या टपालाच्या कॅश ऑन डिलिव्हरीनेच आमचा धंदा बसवला, सुरतेच्या साड्या आता पोस्टमन घरपोच आणून देतो, आधी ते बंद करा असं लिहा. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. दसरा-दिवाळीला त्यांच्या दुकानात जी गर्दी असायची ती मी पाहिलेली आहे. पण अर्जात ते लिहायला मी नकार दिला. ज्या पिशवीतून साड्या येतात त्याच पिशवीतून माझी आंबापोळी बाहेर जाते. एका तोंडाने टपाल सुधारा म्हणायचं आणि दुसऱ्या तोंडाने बंद करा म्हणायचं, हे मला जमलं नसतं. ते रागावून उठले. त्यांची सही अर्जावर नाही.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. नऊ पार्सलं परत आली, पण का? शेऱ्यात सगळीकडे नकार किंवा घर बंद एवढंच. म्हणून दोन संध्याकाळी बसून मी नऊच्या नऊ गिऱ्हाइकांना फोन केले. भांडायला नाही, विचारायला. तिघांनी तर कपाळावर हात मारला, त्यांना पार्सल आल्याचंच माहीत नव्हतं. दोघांच्या बिल्डिंगच्या वॉचमनने आणि तिसऱ्याच्या शेजारणीने "आम्ही पैसे नाही देणार" म्हणून पोस्टमनला परत पाठवलं होतं, आणि तो नकार गिऱ्हाइकाच्या नावावर लागला होता. दोघांनी ३८ रुपयांवरून घेतलं नाही. त्यातल्या एक आजी म्हणाल्या, "अगो, तू ७६० सांगितलंस आणि तो ७९८ मागतो. मला वाटलं हा मधले खातोय." एक जण गावी गेले होते, सात दिवस उलटून गेले. एका घरातले आजोबा ज्यांनी ऑर्डर दिली होती ते जूनमध्येच वारले होते. तो फोन ठेवल्यावर मला पुढचा फोन लगेच लावता आला नाही. आणि दोघांनी सरळ सांगितलं की मन बदललं.

नऊपैकी खरे नकार दोनच. मी इतके दिवस गिऱ्हाइकांना मनातल्या मनात शिव्या देत होते.

तेव्हा अर्जाचं स्वरूप बदललं. गिऱ्हाइकाला दंड करा ही काकांची मागणी मी बाजूला ठेवली. काका दोन दिवस बोलले नाहीत, पण फोनची वही दाखवल्यावर त्यांनी आपलीही सहा पार्सलं तपासली आणि मग स्वतःच येऊन म्हणाले, "काढ ते दंडाचं." शेवटी तीन गोष्टी उरल्या. ज्यांचे पैसे आले नाहीत ते शोधून द्या. मनीऑर्डर निघाली की नाही ते पाठवणाऱ्याला कळवा. आणि पार्सल परत फिरवायच्या आधी पाठवणाऱ्याला एक फोन करा. पावसाळ्यात सात दिवसांची मुदत वाढवा ही चौथी मागणी खेळणीवाल्या मुलाने घालायला लावली.

पोस्टाच्या खिडकीवर तक्रार दिली, नोंद क्रमांक घेतला. हे सगळ्यांना आवर्जून सांगते, क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की प्रकरण चौकशीत आहे. पुढे काही नाही.

सप्टेंबरमध्ये वर्तमानपत्रात आतल्या पानावर डाक अदालतीची सूचना दिसली. डाक अदालत, म्हणजे टपाल खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे तक्रारींची सुनावणी, दर तिमाहीला भरते. ज्या तक्रारीचं सहा आठवड्यांत समाधान झालेलं नाही तीच तिथे नेता येते. अर्ज दोन प्रतींत, मूळ तक्रार कधी दिली, कुणाकडे दिली, त्या अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा, सगळा तपशील हवा. आमची खिडकीवरची तक्रार सात आठवड्यांची झाली होती. म्हणजे ती आधी दिली नसती, तर इथे दारच उघडलं नसतं. मी तीन पानांचा अर्ज चौदा ओळींवर आणला आणि मागे एक तक्ता जोडला. पार्सलचा नंबर, पाठवल्याची तारीख, रक्कम, शेवटची नोंद. पोस्टमनभाऊंनीच तो तक्ता एकदा तपासून दिला. ते ग्रामीण डाक सेवक, सायकलवरून पाच वाड्या फिरतात. आमची तक्रार त्यांच्याच खात्याविरुद्ध आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "लिवा. माका पण बोलणी खावची लागतत लोकांची."

अदालतीच्या दिवशी मी, काका आणि मसालेवाली बाई पहाटेच्या एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. मनात कोर्टासारखं चित्र होतं. प्रत्यक्षात एक लांब टेबल, अधीक्षक साहेब, दोन कर्मचारी, फायली आणि पाणी. आमच्या आधी एका निवृत्त शिक्षकांचं बचत खात्याचं प्रकरण चाललं होतं.

आमची पाळी आली. साहेबांनी तक्ता हातात घेतला, चष्मा वर केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ऑर्डरचा कागद आहे का?"

मी म्हटलं, "ऑर्डर फोनवर येते, साहेब."

त्यांनी आमच्याच एका पार्सलचा फॉर्म फाइलमधून काढला आणि माझ्यापुढे सरकवला. खाली माझी सही. सहीच्या वर छापलेलं वाक्य की ही वस्तू खऱ्याखुऱ्या मागणीवरून पाठवीत आहे. पाच वर्षांत शेकडो वेळा मी त्या वाक्याखाली सही केली होती आणि ते वाक्य एकदाही वाचलं नव्हतं. साहेबांनी शांतपणे समजावलं. न मागवलेला माल लोकांच्या गळ्यात मारून पैसे उकळण्याचे प्रकार व्हीपीत पूर्वीपासून होत आले आहेत, म्हणून कायद्यातच अशी घोषणा घेण्याची तरतूद आहे. आणि घेणाऱ्याने फसवणुकीची तक्रार केली तर वसूल झालेले पैसे पाठवणाऱ्याला न देता रोखून ठेवण्याची, चौकशीनंतर घेणाऱ्याला परत करण्याचीही तरतूद आहे. माझं घाटावरचं एक पार्सल नेमकं त्यातच अडकलं होतं. ऑर्डर मुलीने फोनवरून दिली, पार्सल वडिलांच्या नावाने गेलं, आईने पैसे भरून घेतलं, वडील घरी आल्यावर म्हणाले मी काही मागवलेलं नाही, आणि त्यांनी तिकडच्या पोस्टात लेखी तक्रार दिली. त्यांच्या दृष्टीने ते खरंच बोलत होते. माझ्याकडे दाखवायला काय होतं? मोबाइलमधला एक जुना कॉल. तोही पुसून गेलेला.

काकांनी विचारलं, "मग टपाल खात्याची जबाबदारी काय?" तेव्हा लागू असलेला कायदा १८९८ चा. साहेबांनी त्यातली तरतूद मराठीत सांगितली की घेणाऱ्याकडून पैसे हातात येईपर्यंत त्या रकमेची कुठलीही जबाबदारी सरकारवर येत नाही. काकांचा चेहरा पडला. पण माझ्या डोक्यात त्याच वाक्याची दुसरी बाजू लख्ख झाली. म्हणजे पैसे एकदा हातात आले की जबाबदारी येते. मी तक्त्यातल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "साहेब, हे पार्सल २२ जूनला पैसे घेऊन दिलेलं आहे. गिऱ्हाइकाने मला पावतीचा फोटो पाठवलाय. हे पैसे कुठे आहेत?"

खोलीत शांतता झाली. कर्मचाऱ्यांनी कॉम्प्युटरवर शोध घेतला. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. आमच्या गावाच्या नावाचं दुसरं गाव शेजारच्या तालुक्यात आहे, कोकणात अशी जोडगावं पुष्कळ. पिन कोडचा शेवटचा आकडा वेगळा पडला होता, मनीऑर्डर तिकडे गेली होती आणि अपुऱ्या पत्त्यामुळे तिथेच पडून होती. फॉर्मवर मी लिहिलेला आकडा दोन्ही प्रकारे वाचता येत होता, हे मी तिथेच कबूल केलं. पण पैसे पडून आहेत हे तीन महिने कुणी मला सांगितलं नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे बोलले. साहेबांनी लेखी आदेश दिला आणि आठवड्याभरात ७६० रुपये माझ्या हातात पडले. मसालेवालीचे दोन पार्सलांचे पैसे त्याच दिवशी सापडले. तिने रक्कम ऐकली आणि पदराने डोळे टिपले. तिसरं माझं पार्सल परतीच्या वाटेवर कुठेतरी अडकलं होतं, ते दिवाळीच्या आधी घरी आलं. उघडायची माझी हिंमत झाली नाही, सासूबाईंनी उघडलं.

मुदत वाढवण्याची मागणी नियमात बसत नाही म्हणून तिथेच निकालात निघाली. पार्सल परत करण्याआधी फोन करण्याची मागणी साहेबांना पटली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोस्टमनला मी आदेश देऊ शकत नाही, असं ते म्हणाले आणि अर्जाचा तेवढा भाग वरच्या कार्यालयाकडे पाठवला. तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं, नोंद घेतली आहे.

परतीच्या एसटीत काका खिडकीकडे बघत म्हणाले, "कागद होयो." मी रात्रभर त्यावर विचार केला. आमच्या वयस्कर गिऱ्हाइकांना ईमेल, अॅप हे सांगण्यात अर्थ नव्हता. पण पोस्टकार्ड? ५० पैशांचं पोस्टकार्ड. मी पन्नास कार्डं आणली, प्रत्येकावर माझा पत्ता लिहिला आणि गणपतीनंतरच्या प्रत्येक पार्सलमध्ये एक-एक कार्ड घातलं. पुढच्या वेळी माल हवा असेल तर या कार्डावर लिहा, खाली सही करा. पोस्टमन किती रक्कम मागेल तेही बाजूला लिहून टाकलं, कमिशन धरून. तरुण मंडळी व्हॉट्सअॅपवर पाठवायची, ते मुलगा छापून ठेवायचा. म्हाताऱ्या माणसांची कार्डं मात्र यायला लागली. एकात पोळीबरोबर विहिरीचं पाणी कसं आहे विचारलेलं, एकात नातवाची दहावी. मी ती सगळी फाइलला लावते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पार्सलचा नंबर.

द्रव माल त्या वर्षापासून बंद केला. कोकमाचं आगळ बाटलीत कितीही घट्ट बसवलं तरी वाटेत एखादी बाटली झिरपतेच आणि मग दुसऱ्या कुणाची तरी पत्रं लाल होतात.

आणि तो फोनचा मुद्दा. वरून आदेश आला नाही तरी कापड माझं, शाई माझी. २०१९ च्या हंगामापासून मी प्रत्येक पार्सलवर, पत्त्याच्या खाली, लाल जाड अक्षरात लिहायला लागले, परत करण्यापूर्वी कृपया पाठवणाऱ्यास फोन करावा, आणि खाली नंबर. बाकीच्या दहा जणांनीही तेच केलं. पहिले दोन महिने एकही फोन आला नाही. हंगामात तीन पार्सलं परत आली, मागच्या वर्षीपेक्षा कमी, पण परत आलेल्या प्रत्येकावर ते लाल अक्षर तसंच होतं आणि कुणी फोन केलेला नव्हता. ते बघवायचं नाही.

जूनच्या अखेरीस एका दुपारी अनोळखी नंबर आला. मागे गाड्यांचा आवाज, पाऊस. "मॅडम, तुमचं पार्सल आहे. वॉचमन नको म्हणतोय, पार्टी घरी नाही. परत करू काय?"

मी म्हटलं, "नको भाऊ, थांबा. त्या बाई शाळेत शिकवतात. शनिवारी दुपारी घरी असतात."

"बरं," एवढंच म्हणाला आणि फोन बंद.

पैसे अकराव्या दिवशी आले. त्याचं नाव मला माहीत नाही. तारीख, वेळ आणि पार्सलचा नंबर वहीत लिहून ठेवला, आणि पुढच्या अदालतीच्या अर्जात फोनच्या मागणीखाली तोच पहिला दाखला म्हणून जोडला.